पोटखराबा

आमच्या सातबाऱ्यावर शेताच्या क्षेत्रात 'पोटखराबा' असा एक रकाना आहे. पूर्वी उताऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागायचे, आता महाभूलेखवर तो मोबाइलवरच दिसतो. त्या रकान्यात आमच्या नावापुढे ०.२२ असा आकडा आहे. म्हणजे ढोबळमानाने २२ गुंठे. खडक, उतार, ओघळ असल्या कारणांनी ज्या तुकड्यात पीक घेता येत नाही आणि म्हणून ज्यावर शेतसारा आकारत नाहीत, तो पोटखराबा. शेताच्या पोटातला खराबा. सरकारी भाषेत इतका थेट शब्द क्वचितच सापडतो.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. सह्याद्रीनं अडवून घेतल्यावर जो पाऊस उरतो तो आमच्या वाट्याला, आणि त्यातलाही मोठा भाग सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर. त्या २२ गुंठ्यांत वर वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण आहे. तिथं कुणी काही पेरलेलं नाही, कुणी कधी तांब्याभर पाणी घातलेलं नाही. तरी नवरात्राच्या सुमाराला तो तुकडा पिवळाधमक होतो, कारण तिथं तरवड आहे.

तरवड तुम्ही पाहिलेला असणार, नाव माहीत नसेल एवढंच. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलात की कडेच्या चरात, ओढ्याच्या काठाला, माळावर कमरेएवढी, कधी डोक्याएवढी झुडपं दिसतात. पानं चिंचेच्या धाटणीची पण मोठी. फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची, जून झाली की पाकळीच्या शिरा केशरी होणारी. आणि कागदासारख्या चपट्या, तपकिरी शेंगा, वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या. लिनियसनं १७५३ साली त्याला कॅसिया ऑरिक्युलाटा म्हटलं, आता शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. ऑरिक्युलाटा म्हणजे कानवाला. पानाच्या देठाशी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोल उपपर्णं असतात. एकदा ती दिसली की तरवड परत चुकत नाही.

आप्पांना ही जागा माझ्या जन्माच्या आधीपासून सलते आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून ठेवला होता. जेसीबी लावून पोटखराबा सपाट करायचा. ओढ्याकाठची काळी माती आणून वर टाकायची. वरच्या कोपऱ्यात बोअर घ्यायची, ठिबक करायचं, भगवा डाळिंब लावायचं. पावणेचार लाख. वही माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, "तुमच्यात बोनस कधी होतो म्हणायचा?" माझ्या वडलांनी मला आजवर सरळ शब्दांत पैसे मागितलेले नाहीत. हे त्यांचं मागणंच होतं.

ही चौथी बोअर असणार होती. पहिली २००३ ला घेतली, २८० फूट. तिला चार वर्षं पाणी होतं. दुसरी २०१२ ला, ४२० फूट. फुफाटा निघाला. तिसरी २०१८ ला, ६०० फूट, रात्री अडीच वाजता बंद केली. त्या रात्री मशीनच्या आवाजात आई उंबऱ्यात बसून होती आणि मी हॉस्टेलवर दर अर्ध्या तासाला फोन करत होते. तिन्ही वर्षं दुष्काळाची होती, हा योगायोग नाही. माणूस बोअर घेतो तेव्हा तो पाण्यासाठी घेतो असं वाटतं, पण बरेचदा तो हातावर हात धरून बसणं सहन होत नाही म्हणून घेतो.

आमच्याकडच्या जमिनीखाली बेसॉल्ट आहे, दख्खनचा काळा पाषाण. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावरच बसलेला आहे. वाळूत किंवा गाळात साठतं तसं पाणी या खडकात साठत नाही. ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. भेग लागली तर लागली. खोल गेलं म्हणजे पाणी जास्त, असं गणित इथं नाही. उलट खोल जावं तसा पाषाण घट्ट होत जातो. हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेजारच्याला साडेतीनशेला लागलं." हेही खरंच होतं.

मी नाही म्हटलं नाही. एक पावसाळा थांबा, एवढंच म्हटलं. आणि त्या एका पावसाळ्यात पोटखराब्याचा वरचा अंग मला द्या.

त्या वरच्या अंगाला एक जखम आहे. गावचा रस्ता झाला तेव्हा तिथून मुरूम उचलला होता. दोन-अडीच गुंठ्यांचा उघडा खड्डा राहिला. झाड नाही, गवत नाही. मोठा पाऊस झाला की तिथून ओघळ सुटतो आणि लोंढ्याबरोबर मुरूम खालच्या ज्वारीत येऊन पसरतो. दर वर्षी आप्पा आणि आई घमेल्यानं तो वेचून बांधावर टाकतात. मला तिथं तरवड लावायचा होता.

"काय लावणार म्हणालीस?" आप्पांनी दोनदा विचारलं. मग हसले. "आमी जलमभर कुदळीनं उपटला की गं त्यो. आन तू इंजिनिअर हून लावायली?"

त्यांचं हसणं समजण्यासारखं होतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तरवड म्हणजे बांधावर चिवटपणे परत परत येणारं झुडूप. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर चराईच्या माळावर तो टिकतो. सरपणाला बारीक. माझ्या डोक्यात तो आला होता पुण्यातून. हिंजवडीच्या बाजूला एका नर्सरीत मी कुंडीसाठी काहीतरी घ्यायला गेले होते. तिथं काळ्या पिशवीत वीतभर तरवड, १८० रुपये, आणि त्याला लटकवलेल्या कार्डावर 'नेटिव्ह, ड्रॉट टॉलरंट, अट्रॅक्ट्स बटरफ्लाइज' असं छापलेलं. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आप्पांचं उत्तर आलं, "आपल्यात टेम्पोभर हाय, इकू का?" आईनं विचारलं, त्या कार्डावर काय लिहिलंय. मी सांगितलं, दुष्काळ सहन करणारं. तिचा मेसेज आला, "म्हणजे सोशिक."

तो शब्द मला नंतर बरेच दिवस टोचत राहिला. आमच्याकडे बाईचं कौतुक करायचं तर सोशिक म्हणतात. आईला म्हणतात, आज्जीलाही म्हणायचे. आज्जी १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात होती, पोटाला सुकडी मिळायची. त्याचं वर्णनही सगळे "लई सोसलं" असंच करतात. ज्याला सोशिक म्हटलं त्याला मग काही द्यावं लागत नाही, ही त्या शब्दातली सोय आहे.

तरवड खरंच सोशिक आहे का, हे मला बघायचं होतं.

बियांपासून सुरुवात केली. डिसेंबरात शेंगा वाळतात. एका शेंगेत दहा-पंधरा बिया, प्रत्येक बी आपापल्या कप्प्यात. निम्म्या शेंगांना टाचणीएवढी भोकं होती. आतली बी भुंगेऱ्यांनी पोखरलेली. तसल्या बिया पाण्यावर तरंगतात, त्या काढून टाकल्या. उरलेल्यांतल्या १२० मोजून घेतल्या आणि चाळीसचे तीन गट केले. सवयीनं एक्सेल उघडलं. पहिला गट तसाच पेरला. दुसऱ्यावर उकळी येऊन गेलेलं पाणी ओतून रात्रभर ठेवला. तिसऱ्यातली एकेक बी पॉलिश पेपरवर एका बाजूनं घासली आणि मग भिजवली. पहिल्यातल्या सहा उगवल्या, दुसऱ्यातल्या एकोणीस, तिसऱ्यातल्या एकतीस.

बियांचं कवच इतकं टणक का, याचं उत्तर आमच्या पावसात आहे. जूनमध्ये एक वळीव पडतो आणि मग तीन आठवडे ढग फिरकत नाही. त्या पहिल्या पावसाला सगळ्या बिया फसल्या तर सगळी रोपं मरतील. म्हणून काही बिया यंदा उगवतात, काही पुढच्या साली, काही त्याच्या पुढे. जमिनीतला मुरूम घासून घासून कवच झिजवतो आणि ज्याचं झिजलं त्याची पाळी येते. दुबार पेरणीचं संकट आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी येतं. तरवडाकडे त्याचा विमा आहे, आप्पांकडे नाही.

रोपं लहान असतानाच, एका रिपरिप पावसाच्या आठवड्यात खड्ड्यात लावली. उशीर करून चालत नाही. तरवडाचं सोटमूळ सरळ खाली धावतं आणि पिशवीच्या बुडाला लागलं की गोल गोल फिरायला लागतं. असं वेटोळं पडलेलं झाड पुढे कधी नीट खाली जात नाही. काही बिया थेट जागेवरही टोकल्या. उताराला आडवे छोटे चर काढले, त्यांच्या खालच्या बाजूला रोप. शेणखत घातलं नाही. रोपांशेजारी दगड मांडले, दगडाखाली ओल जास्त टिकते म्हणून.

मग बघत बसले. कंपनीत महिन्यातून एक आठवडा घरून काम करता येतं. तो मी गावी काढायला लागले. सकाळी साडेनऊच्या स्टँडअपच्या आधी दीड-दोन तास जुन्या तरवडांपाशी.

त्या तासांत जे दिसलं त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं, आणि मी त्याच झुडपांमध्ये लपाछपी खेळून मोठी झालेली आहे.

तरवडाच्या फुलात मध नसतो. देण्यासारखे फक्त परागकण, आणि तेही बंद डबीत. फुलात दहा पुंकेसर असतात. वरचे तीन छोटे आणि वांझ, मधले मध्यम, खालचे लांब आणि वाकलेले. साध्या फुलात परागकोश उभा चिरतो आणि पूड बाहेर येते. इथं परागकोशाला टोकाशी फक्त बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं. हलवल्याशिवाय काही पडत नाही. मधमाशी येते, घुटमळते, पाकळीवर सांडलेलं थोडं वेचून जाते. तिला ती डबी हलवता येत नाही.

भुंग्याला येते. काळाकुळकुळीत, निळसर पंखांचा, वाळक्या लाकडाला भोक पाडून राहणारा मोठा भुंगा. तो फुलावर येतो, पुंकेसरांना पायांनी मिठी मारतो, पंख मिटतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो. उडताना त्याचा आवाज खालच्या पट्टीत असतो, फुलावर बसला की एकदम चढतो, भ्र्रर्र. एवढ्या थरथरीनं भोकातून परागकण उडतात. मधल्या पुंकेसरातले तो गोळा करून घरी नेतो. खालच्या लांब पुंकेसरातले त्याच्या अंगावर अशा ठिकाणी बसतात की पुढच्या फुलातल्या वाकलेल्या स्त्रीकेसराला ते बरोबर लागावेत. एक जेवणाचा डबा, एक टपाल. शरीरावर निळसर पट्टे असलेली एक छोटी रानमाशीही हेच करते. वांगं आणि टोमॅटोच्या फुलांचे परागकोशही असेच भोकाचे असतात. म्हणजे आमच्या परसातल्या वांग्यांवर येणारे कारागीर आणि माळावरच्या तरवडावरचे कारागीर एकाच जातकुळीचे. शेतात वांगी चार महिने असतात. उरलेल्या महिन्यांत ते कुठं जेवतात, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

पानांवर वेगळाच कारभार. पानाच्या मधल्या दांडीवर, पर्णिकांच्या प्रत्येक जोडीत, काडीच्या टोकाएवढी एक उभी ग्रंथी असते. तिच्यातून गोड रस येतो. फुलात मध नाही, पानात आहे. तो मुंग्यांसाठी. मुंग्या दिवसभर फांद्यांवर फिरत राहतात आणि पान खायला येणाऱ्याला त्रास देतात. मी आप्पांना म्हटलं, झाडानं राखणदार ठेवलेत. ते म्हणाले, "आन पगार बी येळेवर दिसतोय."

तरी अळ्या असतातच. ऑगस्टमध्ये हिरवट पांढरी फुलपाखरं झुडपांवर खालून वरून घुटमळायला लागली. मॉटल्ड एमिग्रंट. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडं उभं चिकटवते, तांदळाच्या कणीहूनही बारीक. आठवडाभरानं पानाच्याच रंगाची अळी, अंगाच्या कडेला काळ्या ठिपक्यांची रांग. अर्धं पान खाल्लेलं दिसतं पण खाणारी दिसत नाही. माझ्या रोपांपैकी दोन पार खराटा झाली. मला वाटलं गेली. पंधरा दिवसांत परत फुटली. पावसाळा संपता संपता हिंगे आले, काळ्यावर केशरी पट्ट्यांचे, आणि फुलांच्या पाकळ्या भाजी खावी तशा खाऊन गेले. त्यांना हात लावायचा नसतो, त्यांच्या रसानं कातडीला फोड येतात. माळावरची पोरं हे चालायला लागल्यापासून शिकतात.

आणि उन्हाळ्यात सरडे. एप्रिलच्या मध्यावर, खड्ड्याच्या काठावरच्या दगडावर एक वीतभर सरडा चढला आणि त्यानं गळ्याखालची पंखी उघडली. निळी, काळी, केशरी. इतका चमकदार रंग त्या करड्या माळावर कुठून आला, असं वाटलं. हे पंखीवाले सरडे उघड्या, खुरट्या झुडपांच्या माळावर राहतात. दाट झाडी त्यांना चालत नाही. २०१६ साली संशोधकांनी त्यांच्यातल्या एका गटाला नवं शास्त्रीय नाव दिलं, आणि ते नाव आहे 'सरडा'. लॅटिन नाही, ग्रीक नाही, आपला मराठी सरडा.

देशाचा पडीक जमिनींचा एक नकाशासंग्रह आहे, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केलेला. त्यात 'झुडपांची जमीन' हा पडीक जमिनीचाच एक प्रकार आहे. मी डेटाचं काम करते, वर्गीकरण कसं होतं ते मला माहीत आहे. कुणाला तरी रकाने ठरवावे लागतात. पण माळाला पडीक म्हटलं की मग त्याचं काहीही करता येतं. आमच्याच जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. तो देखणा पक्षी अशाच 'काहीच नसलेल्या' जमिनीवर जगायचा.

हे सगळं ऐकायला छान आहे. मी रात्री जेवताना हे सगळं सांगायचे आणि आई कौतुकानं ऐकायची. पण त्याच खड्ड्यात मार्च उजाडला.

नर्सरीच्या कार्डावर जे लिहिलेलं नव्हतं ते मार्चमध्ये कळतं. तरवड दुष्काळ सहन करतो तो त्याच्या मुळाच्या जोरावर. पाषाणाच्या भेगा शोधत ते खोल जातं, म्हणून मे महिन्यात माळ करपला तरी तरवड हिरवा असतो. पण नऊ महिन्यांच्या रोपाला अजून तेवढं मूळच नसतं. माळावर आपसूक उगवणाऱ्या शेकडो रोपांतली बहुतेक पहिल्या उन्हाळ्यातच जातात, आपण बघतो ती उरलेली. जे उरलं त्यालाच आपण चिवट म्हणतो. माझ्याकडे उघड्या खड्ड्यात अठ्ठेचाळीस रोपं होती आणि मला ती जगवायची होती. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, प्रत्येकी दोन लिटर. जास्त नाही. रोज थोडं पाणी दिलं तर मुळं वरच घोटाळतात, खाली जात नाहीत.

मी नसले की आई द्यायची. मी असले की मी. विहिरीत फेब्रुवारीनंतर खालचा टप्पा उरतो, त्यातून कळशीनं काढायचं आणि कॅन खांद्यावर घेऊन चढ चढायचा. एका संध्याकाळी मी तिसरी खेप घेऊन निघाले तेव्हा आप्पा बांधावर बसले होते. ते म्हणाले, "झाडाला पाणी घालतीस. आन मला बोअर नको म्हणतीस."

आवाजात राग नव्हता. मी कॅन खाली ठेवला. मला उत्तर आलं नाही, आणि आजही मी त्याचं उत्तर शोधून ठेवलंय असं नाही. मग ते म्हणाले, "त्याला सोसायला दुसरा विलाजच न्हाय. जागा सोडून जाता येत न्हाय त्याला. मानसानं का सोसावं?"

ते उठून घरी गेले. मी उरलेल्या रोपांना पाणी घालून आले.

मला वाटतं, आमच्यातला सगळा वाद त्या दोन वाक्यांत होता. शहरात बसून मी ज्याला देशी, चिवट, कमी पाण्यावर जगणारं म्हणून मिरवत होते, त्यात आप्पांना ऐकू येत होतं की तुम्हीही असंच कमी पाण्यावर जगा. आणि त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. दुष्काळी भागातल्या माणसांना असं सांगणारे पुष्कळ असतात. पण त्या खड्ड्यानं मला दाखवलं ते नेमकं उलटं होतं. सोशिक झाडालाही पहिलं वर्ष कुणीतरी द्यावं लागतं. मूळ खाली जाईपर्यंत ओल लागते, सावलीला दगड लागतो, वेळ लागतो. मला पहिली चार वर्षं हॉस्टेलची फी मिळाली होती. आप्पांना तसं पहिलं वर्ष कुणी दिलेलं नाही. त्यांनी प्रत्येक वेळी उधारीनं थेट खोल जाऊन बघितलं.

मे महिन्यात आम्ही परत वही काढली. यावेळी तिघं बसलो, आईसुद्धा. आई म्हणाली, जुन्या विहिरीचा गाळ वीस वर्षांत काढलेला नाही. वरच्या झिजलेल्या थरातलं पाणी तीच धरते, आणि तिच्यात आडवं बोअर मारलं तर झरा मोकळा होतो, असं गावात दोघा-तिघांनी केलंय. मी त्याचे पैसे दिले. खालच्या बारा गुंठ्यांवर जेसीबी आला, तो मी अडवला नाही. तिथला तरवड गेला. जेसीबीच्या दातांत अडकलेली मुळं मी बघितली, मनगटाएवढी, काळी, आणि झाडाच्या उंचीपेक्षा लांब. बघवलं नाही, पण तो माझ्या एकटीचा माळ नाही. आप्पांनी तिथं डाळिंब न लावता शेवगा लावला. मागची डाळिंबाची बाग तेल्यानं गेली होती, ते त्यांनी वहीत लिहिलेलं नसलं तरी विसरलेले नव्हते. वरचे दहा गुंठे तसेच ठेवायचे ठरले. चौथी बोअर यंदा नाही. यंदा नाही, एवढंच ठरलंय.

अठ्ठेचाळीसपैकी एकेचाळीस रोपं उन्हाळा पार करून आली. या पावसाळ्यात त्यांना मी पाणी घातलं नाही आणि इथून पुढे घालणार नाही. सप्टेंबरात एका रात्री धो धो पाऊस झाला. सकाळी आई खाली ज्वारीत जाऊन बघून आली. मुरूम आला होता, पण घमेली नेहमीपेक्षा कमी भरली. एका पावसावरून मी काही सिद्ध करणार नाही. खड्डा अजून उघडाच दिसतो. ओघळ बुजायला आणखी दोन-तीन वर्षं लागतील.

नवरात्रात आमच्याकडे घटावर रोज एक माळ चढते. तरवडाची असते, कारळ्याची असते. पुण्यात त्या दिवसांत मंडईबाहेर तरवडाच्या फुलांचे वाटे विकायला येतात, तेव्हा कळतं की कुणीतरी पहाटे माळ तुडवून आलंय. तेलंगणात बतुकम्माच्या फुलांच्या उतरंडीत हीच फुलं मानाची, तिथं तंगेडू म्हणतात आणि ते त्यांचं राज्यफूल आहे. तमिळनाडूत आवारम. तिथल्या चर्मोद्योगात एके काळी कातडी कमावायला याच्या सालीची मोठी मागणी होती. एवढ्या सगळ्यांच्या उपयोगाचं झाड सातबाऱ्यावर मात्र खराब्यात मोजलं जातं. यंदा पहिल्या माळेला आई जुन्या झुडपांकडे न जाता वरच्या खड्ड्यात गेली. माझ्या रोपांपैकी नऊ झाडांना फुलं होती. तिनं प्रत्येकावरची थोडी थोडी घेतली आणि बाकीची ठेवली. "भुंग्याला," म्हणाली.

तुम्हाला लावायचा असेल तर सोपं आहे. बी घासा, भिजवा, जूनमध्ये पेरा. गच्चीत लावायचा तर खोल ड्रम घ्या आणि माती निचऱ्याची ठेवा. काळ्या मातीत पाणी तुंबलं की मूळ कुजतं. ऊन दिवसभर हवं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा भरपूर पाणी द्या. फुलं येऊन गेली की थोडं छाटा. अळ्या दिसल्या तर फवारू नका, त्यांच्यासाठीच लावलाय. आणि भुंगा आला की जवळ जाऊन आवाज ऐका. तो चावत नाही, त्याला वेळ नसतो.

फेब्रुवारीत विहिरीत किती पाणी उरतं ते बघायचं ठरलं आहे. त्यावर बोअरचा विषय परत निघेल, आणि तेव्हा मी काय म्हणेन हे मला आज सांगता येत नाही. परवा आप्पांचा फोन आला. शेवग्याला पहिला बहर आलाय, त्यावर भुंगे आहेत, असं म्हणाले. मग थोडं थांबून, "तुझ्या तरवडाच्या शेंगा वाळल्यात. काढून ठिवू का?"

मी म्हटलं, ठेवा.

"किडक्या पाण्यात टाकून बाजूला काढतो," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.